वर्गाच्या आतला दिवस

प्राथमिक शाळेतला शिक्षक दिवसभर लिहीत असतो. हजेरीपट, टाचणवही, पोषण आहाराची नोंदवही, त्यात तांदूळ किती आला, किती शिजला, किती शिल्लक राहिला. यू-डायसची माहिती, शिष्यवृत्तीचे प्रस्ताव, आधार न जुळलेल्या मुलांच्या याद्या, आणि दुपारी दोन वाजता मोबाइलवर येऊन चारपर्यंत भरून मागितलेले तक्ते. हे लिखाण मुख्याध्यापकाकडून केंद्रप्रमुखाकडे, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे असं वर वर जातं. त्यात मुलं असतात, पण संख्येच्या रूपात. वजाबाकी करताना कोण कुठे अडलं, आठवडाभर गप्प असलेली मुलगी आज का बोलली, कोणत्या प्रश्नानंतर मागच्या रांगेतली मुलं पुढे सरकून बसली, यासाठी कुठल्याच नोंदवहीत रकाना नाही. या पुस्तकाच्या लेखिकेनं हे सगळं एका वेगळ्या वहीत लिहिलं. ते कुणी मागितलेलं नव्हतं आणि कुणाला दाखवायचंही नव्हतं.

त्या वह्यांमधून निवडलेल्या नोंदी म्हणजे हे पुस्तक. शाळा मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या एका तांड्यावरची. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोन खोल्या. म्हणजे प्रत्येक खोलीत दोन इयत्ता, आणि दुसरे शिक्षक बैठकीला गेले की एकाच शिक्षकासमोर चारही. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत अशा द्विशिक्षकी शाळा हजारोंनी आहेत. त्यामुळे ही गोष्ट एखाद्या आगळ्यावेगळ्या शाळेची नाही, आणि मला तिचं मोल त्यातच वाटतं.

शिक्षकानं स्वतःच्या वर्गाविषयी लिहिणं हा एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे. त्यात आत्मचरित्र थोडं असतं, शिक्षणशास्त्र थोडं असतं, पण तो या दोन्हींत मावत नाही. आत्मचरित्राच्या मध्यभागी लिहिणारा असतो, इथे समोरचं मूल असतं. शिक्षणशास्त्राचं पुस्तक सर्वसाधारण मुलाविषयी बोलतं. वर्गातली नोंद मंगळवारी चौथ्या तासाला एका ठरावीक मुलाचं काय झालं ते सांगते. हा प्रकार आपल्याकडे उशिरा रुजला, त्याला कारणं आहेत. ती समजून घेतल्याशिवाय अशा वह्यांचं महत्त्व ध्यानात यायचं नाही.

आपल्याकडे प्राथमिक शिक्षणाची चर्चा सुरू झाली ती शाळा असावी की नसावी, कुणासाठी असावी, या प्रश्नांवरून. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेलं निवेदन आजही प्रत्येक अध्यापक विद्यालयात वाचलं जायला हवं. प्राथमिक शिक्षण एका वयापर्यंत सक्तीचं करा, एवढंच ते मागत नाहीत. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी समाजातला असावा, नांगर किंवा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये आणि त्याला महिना किमान बारा रुपये तरी मिळावेत, इतक्या तपशिलात ते जातात. शिक्षक कोण आहे यावर वर्गात काय घडेल हे ठरतं, हे इतक्या स्पष्टपणे त्यांच्याआधी आपल्याकडे फारसं कुणी मांडलेलं नव्हतं. आणि त्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेनं १८५५ साली लिहिलेला, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'नं छापला होता. मराठी वर्गातून बाहेर आलेला तो एक अगदी सुरुवातीचा आवाज, आणि तो विद्यार्थिनीचा आहे.

पुढची काही दशकं कायद्यांची होती. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं. गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेलं विधेयक मंजूर झालं नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला. ही लढाई शाळेच्या दारापर्यंत पोचण्याची होती. दाराच्या आत काय चालतं हे विचारायला तेव्हा उसंत नव्हती.

ते विचारलं भावनगरात एका वकिलानं. गिजुभाई बधेका वकिली सोडून १९१६ मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केलं. त्यांचं 'दिवास्वप्न' हे छोटं पुस्तक मला या सगळ्या परंपरेचं मूळ वाटतं. एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन चौथीचा एक वर्ग वर्षभरासाठी प्रयोगाला मागून घेतो, एवढंच कथानक. पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ पार फसतो. खोलीत अंधार करून तो मुलांना गप्प बसून आवाज ऐकायला सांगतो आणि मुलं धिंगाणा घालतात. मग तो गोष्टींकडे वळतो. गोष्टींतून खेळ येतात, खेळांतून वाचन येतं, आणि बाकीचे शिक्षक लांबून पाहत राहतात. पुस्तक काल्पनिक आहे, तरीही त्यातला तो पहिला दिवस ज्यानं ज्यानं पहिलीचा वर्ग घेतला आहे त्याला आपला वाटतो. गिजुभाईंनी अहवाल लिहिण्याऐवजी गोष्ट का लिहिली असेल? मला वाटतं, वर्गात एकाच वेळी इतक्या गोष्टी घडत असतात की त्या मुद्द्यांत मांडल्या तर निम्म्या निसटतात. गोष्टीत गोंधळालाही जागा मिळते.

गिजुभाईंच्या सहवासात भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी ही दृष्टी मराठीत आणली. 'शिक्षणपत्रिका' चालवली, नूतन बालशिक्षण संघ उभा केला आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना मिळाल्या. बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी जे केलं ते जगाच्या शिक्षणेतिहासात नोंदवण्याजोगं आहे. वारली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. जी मुलं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी शाळा कुरणात भरली. १९७५ मध्ये केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचताना जाणवतं की मूल शाळेत का येत नाही याचं उत्तर अनुताई त्या मुलाच्या दिवसात शोधतात. सकाळी त्याच्यावर काय काम आहे, धाकटं भावंड कुणाकडे आहे, पोटात काही गेलं आहे का. तांड्यावरच्या या वह्यांचं सगळ्यात जवळचं नातं मला कोसबाडशी दिसतं.

वर्ध्याला १९३७ मध्ये मांडलेल्या नई तालीमनं हाताचं काम वर्गात आणलं. तिच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे थांबत नाही.

जिल्हा परिषदा १९६२ मध्ये आल्या, १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि गावोगाव एकाच छापाची शाळा पोचली. हे काम फार मोठं होतं. आज मराठीत लिहू-वाचू शकणाऱ्या कोट्यवधी माणसांचं पहिलं अक्षर जिल्हा परिषदेच्या फळ्यावरचं आहे. पण या विस्तारात शिक्षक हा योजनेच्या साखळीतला शेवटचा माणूस झाला. पाठ्यपुस्तक वरून येतं, घटकनियोजन वरून येतं, प्रशिक्षणही वरून येतं. त्याला काय दिसतं हे विचारणारी वाट व्यवस्थेत उरली नाही. त्याच काळात आपल्या साहित्यात आदर्श गुरुजींची प्रतिमा घट्ट झाली. साने गुरुजींनी अमळनेरला विद्यार्थ्यांसाठी जे केलं ते खरं होतं, मोठं होतं. पण नंतर त्या प्रतिमेच्या शेकडो नकला निघाल्या. त्यागी शिक्षक, पाणावलेले डोळे, सत्कार, शाल-श्रीफळ. अशा लेखनात शिक्षक मोठा होत जातो आणि मूल धूसर होत जातं. मुलाला हातच्याची वजाबाकी शेवटी कशी समजली हे त्यात कुठेच सापडत नाही. मराठी शिक्षकांच्या लेखनाचं या प्रतिमेनं नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाट बदलली ती साधारण १९८०नंतर. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलांच्या लिहिण्याकडे, शिक्षकांच्या अनुभवांकडे गांभीर्यानं पाहणारं लेखन केलं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मुलं मराठी वाचायला नेमकी कशी शिकतात याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ठाणे-पालघरच्या आदिवासी भागात ग्राममंगलचं काम उभं राहिलं. 'पालकनीती'सारख्या मासिकानं शिक्षक आणि पालक यांच्यासाठी सलग जागा दिली. हेरंब कुलकर्णींच्या 'शाळा आहे शिक्षण नाही'नं दुर्गम भागांतल्या शाळांत जाऊन मुलांना खरोखर काय येतं ते लिहिलं. ते अनेकांना बोचलं, आणि बोचणं गरजेचं होतं. या सगळ्यांत प्रयोगशील शाळांचा आवाज मोठा आहे. साध्या सरकारी शाळेतल्या, चार इयत्ता एकत्र घेणाऱ्या शिक्षकाचा आवाज अजून कमी आहे.

बाहेरच्या जगात हा प्रकार थोडा आधी बहरला. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांचं 'टीचर' १९६३ मध्ये आलं. प्रत्येक मुलाला त्याच्या स्वतःच्या मनातला शब्द विचारायचा, बहुतेक वेळा तो भीतीचा नाहीतर प्रेमाचा असतो, आणि तोच त्याचा वाचनातला पहिला शब्द करायचा, ही त्यांची पद्धत. इटलीत तोस्कानाच्या डोंगरातल्या बार्बियाना शाळेच्या मुलांनी १९६७ मध्ये एका शिक्षिकेला पत्र लिहिलं आणि गरिबांच्या मुलांना नापास करून बाहेर काढणाऱ्या शाळेचा आकडेवारीनिशी हिशेब मांडला. तेत्सुको कुरोयानागींचं 'तोत्तोचान' मराठी घरांत इतकं वाचलं गेलं आहे की त्याची ओळख करून द्यायला नको. पण ती आठवण आहे विद्यार्थिनीची, मोठेपणी लिहिलेली. आपल्या विषयाला सगळ्यांत उपयोगी पडतात त्या शिकागोच्या व्हिव्हियन गसिन पॅली. बालवर्गात त्या टेपरेकॉर्डर ठेवायच्या, घरी जाऊन मुलांचं बोलणं ऐकायच्या आणि उतरवून काढायच्या. मुलं सांगत असलेल्या गोष्टी त्या लिहून घ्यायच्या, मग वर्ग त्या करून दाखवायचा. त्यांच्या पुस्तकांत सिद्धान्त जवळपास नसतो. मुलं काय म्हणाली ते असतं, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी आपण काय वेगळं केलं ते.

या सगळ्या लेखनाकडे एकत्र पाहिलं तर तीन ओढी दिसतात. काहीजण नवी शाळा कशी असावी हे दाखवण्यासाठी लिहितात, गिजुभाई त्यातले. काहीजण आहे त्या शाळेतला अन्याय उघडा करण्यासाठी लिहितात, बार्बियानाची मुलं त्यातली. आणि काहीजण आधी नुसतं नीट पाहण्यासाठी लिहितात. ही तिसरी ओढ आपल्याकडे सगळ्यांत क्षीण आहे. पाहण्यात काही कर्तृत्व आहे असं आपल्याला वाटत नाही, म्हणून.

पाहणं का महत्त्वाचं, हे २०१९च्या संख्यावाचनाच्या वादानं दाखवून दिलं. दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असं वाचन दिलं गेलं. वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर, विधानसभेत गदारोळ झाला. भाषा मोडली असं म्हटलं गेलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी शांतपणे बाजू मांडली की मराठीत एकक आधी ऐकू येतो आणि दशक मागून, तर लिहिताना दशक आधी येतो. कानडी, तेलुगूत अशी उलटापालट होत नाही. मी दोन्ही बाजूंचे युक्तिवाद तेव्हा वाचत होतो आणि शोधत होतो ते मुलांना. त्या गदारोळात ती फारशी दिसली नाहीत. या पुस्तकात ती आहेत. सत्तावीस ऐकून ७२ लिहिणारी मुलं आहेत. 'एकोणतीस'मधला तीस ऐकून ३९ लिहिणारी आहेत, कारण त्या शब्दात दोनही ऐकू येत नाहीत आणि नऊही नाहीत. त्यांच्यासमोर बाईंनी चिंचोके आणि काड्यांचे गठ्ठे ठेवल्यावर कुणाची चूक दोन दिवसांत गेली, कुणाची पुढच्या वर्षापर्यंत राहिली, ते आहे. आणि 'वीस सात' म्हटल्यावर बरोबर लिहिणारा मुलगा बाजारात मात्र अडतो, कारण तिथे त्याला सत्तावीसच ऐकू येतात, हेही आहे. बाई कुठल्याही बाजूनं निकाल देत नाहीत. पण या नोंदी वाचल्यानंतर वाद घालायचाच झाला तर तो जास्त शहाणपणानं घालता येईल.

आज अशा लेखनाची गरज वाढली आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याबरोबर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. शिक्षकानं प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद करावी ही त्यातली कल्पना सुंदर होती. मात्र काही वर्षांतच तयार वाक्यांच्या याद्या फिरू लागल्या. 'उपक्रमात सहभागी होतो', 'शुद्ध उच्चारात वाचन करतो'. ती वाक्यं चिकटवली की रकाना भरतो आणि मूल अदृश्य होतं. शिक्षकांना दोष देऊन हे सुटणार नाही. ज्याला दिवसाला दहा तक्ते पाठवायचे आहेत तो अकरावाही तसाच भरणार. दुसरीकडे 'असर'च्या पाहण्या २००५ पासून सांगताहेत की ग्रामीण भारतात पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. २०२१ मध्ये निपुण भारत अभियान आलं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशेब करता यावा हे त्याचं ध्येय. ध्येयाशी कुणाचं भांडण नाही. प्रश्न आहे तो त्या मुलापाशी जाऊन नेमकं काय करायचं याचा, आणि त्याचं उत्तर वर्गातच सापडणार.

त्यातच कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार २०२३ पासून पुढे आला आहे. वीसपेक्षा कमी पटाची शाळा कागदावर खर्चिक दिसते. या पुस्तकातली शाळा त्या रेषेच्या आसपासच वर-खाली होते. पावसाळ्यात ओढा भरला की शेजारच्या गावाला जाता येत नाही, ही एक ओळ नोंदींत तीन-चार ठिकाणी येते, कसलीही टिप्पणी न करता. धोरण ठरवणाऱ्यांनी ती वाचावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पुस्तकाचा कणा ऊसतोडीचा हंगाम आहे. दसरा-दिवाळी झाली की तांडा रिकामा होतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे कुटुंबं जातात, काही मुलं आईबापांबरोबर जातात, काही आजीपाशी आणि हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर मागे राहतात. उन्हाळ्याच्या तोंडाला सगळे परततात. एका शैक्षणिक वर्षात बाईंना तीन वेगवेगळे वर्ग मिळतात. पावसाळ्यातला भरलेला, हिवाळ्यातला अर्धा, आणि मार्च-एप्रिलमधला पुन्हा भरलेला, ज्यात काही जण जोडाक्षरं वाचत असतात आणि काही जण मुळाक्षरंही विसरलेले असतात. परत आलेल्या मुलांना फडावरच्या गोष्टी सांगायला लावून, त्या फळ्यावर लिहून, त्यातूनच वाचन पुन्हा सुरू करण्याचा भाग मला सर्वांत समृद्ध वाटला. तिसरीतल्या मुलांना उसाच्या मोळ्यांचा आणि गाडीच्या टनांचा हिशेब तोंडी येतो. तोच वहीत आणायचा होता.

दुसरा धागा भाषेचा. तांड्यावरची मुलं घरी गोरबोली बोलतात. बाईंच्या फळ्यावर 'आई'च्या शेजारी 'याडी' आणि 'भाकरी'च्या शेजारी 'बाटी' कशी आली, त्यावर काही पालकच का नाराज झाले, त्यांची समजूत कशी निघाली आणि काही बाबतींत का निघाली नाही, हे पुष्कळ पानांवर पसरलेलं आहे. शाळेत मराठी शिकायलाच पाठवलंय, हे पालकांचं म्हणणं बाई हलकं मानत नाहीत. बाकीच्या नोंदी खिचडीच्या पंगतीच्या, पेन्सिलीवरून झालेल्या भांडणांच्या, मधल्या सुट्टीतल्या खेळांत कुणाला घेत नाहीत याच्या, परिपाठाला उशिरा येणाऱ्या एका मुलीच्या. वाचकानं त्या कोणत्याही क्रमानं वाचाव्यात. डीएडच्या विद्यार्थ्यांनी मात्र वजाबाकीच्या नोंदी सलग वाचाव्यात, कारण तिथे एकच अडचण दोन वर्षं कशी वेश बदलून समोर येत राहते ते कळतं. मुलांची नावं बदलली आहेत. तांड्याचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

या पुस्तकात पद्धती शोधू नयेत. बाई एक गोष्ट करून पाहतात, सोडून देतात, वर्षानं पुन्हा करून पाहतात. प्रत्येक प्रयत्नाचं फळ सांगायचं त्यांना बंधन वाटत नाही. काही मुलांविषयीच्या नोंदी मध्येच थांबतात, कारण ती मुलं पुढे शाळेत परत आलीच नाहीत.

एका बाबतीत माझं बाईंशी एकमत नाही. पाढे एका सुरात म्हणून घेणं त्यांनी सुरुवातीच्या वर्षांतच बंद केलं. घोकंपट्टीनं गुणाकार समजत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच आहे. पण चौथ्या वर्षीच्या वहीत एक मुलगी आहे. ती एकटी कधीच बोलत नाही, मात्र प्रार्थनेला तिचा आवाज सगळ्यांच्या आवाजात मिसळून खणखणीत येतो, हे बाईंनीच टिपलं आहे. मला वाटतं, समूहात म्हटलेल्या पाढ्यानं अशा मुलांना गणिताच्या तासात पहिल्यांदा आवाज मिळू शकतो. समज नंतर चिंचोक्यांवर येऊ दे. मी हे बाईंना कळवलं, तेव्हा हे प्रस्तावनेतच लिहा, असं त्यांनी सांगितलं. येत्या जूनमध्ये नवी पहिली आली की सकाळच्या सत्रात दोनचा पाढा सगळ्यांकडून एकत्र म्हणून घेऊन त्या त्याच्या नोंदी ठेवणार आहेत.